काचेचं दार आणि तिसरा नकार

आर्लिस टॉलफसन खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि ती घरी येईपर्यंत आपण काहीतरी चांगलं करून ठेवावं असं तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या, मनात आलं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच. माणसाने बायकोच्या माघारी गुपचूप टीव्ही बघावा, चांगलं काही करायला जाऊ नये.

त्यांच्या बैठकीच्या खोलीतून मागच्या अंगणात जायला एक भलंमोठं सरकतं काचेचं दार होतं. त्या दाराला प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्यांचा पडदा होता आणि पट्ट्यांवर वीस वर्षांची धूळ होती. व्हर्लिनने सगळ्या पट्ट्या काढल्या, न्हाणीघरातल्या टबात साबणाच्या पाण्यात भिजवल्या, एकेक घासली, पुसली. पट्ट्या नव्यासारख्या झाल्या. त्या परत अडकवायला गेला तेव्हा मात्र वरचे आकडे उन्हाने इतके वाळले होते की हात लावताच जुन्या पापडासारखे मोडले. पहिला मोडला तेव्हा त्याला वाटलं, आपला हात जड. अर्धे मोडल्यावर त्याला कळलं की पडदा गेला.

"व्हर्लिन, पट्ट्यांना हात लावला नाहीस ना?" आर्लिसने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकांना दवाखान्याच्या खाटेवरूनही घरातलं दिसतं.

"लावला," व्हर्लिन म्हणाला. "म्हणजे धुतल्या. आता स्वच्छ आहेत."

"कुठे आहेत?"

"टबात."

मग आर्लिस म्हणाली, "हे बघ, इथली नर्स म्हणतेय की काही आठवडे जिना चढायचा नाही. म्हणजे माझी खाट खाली, त्या दाराशीच लागणार. दाराला पडदा असेल तर मी शनिवारी घरी येते. नसेल तर सरळ ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकवतात त्या पुनर्वसन केंद्रात जाते. दुकानातल्या बाहुलीसारखं काचेमागे झोपणं मला जमायचं नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. मिनेसोटातल्या नॉर्बी गावात अंगणांना कुंपणं नसतात. एकाच्या मागच्या दारातून दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसतं आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून तिसऱ्याचा टीव्ही. कुणी मुद्दाम बघत नाही, पण दिसतं सगळ्यांना. आर्लिस तर अशी की शेजारचा गॉर्डी हाउगेन गवत कापायला निघाला की झोपाळ्यावरची उशीसुद्धा नीट करून ठेवायची.

आणि व्हर्लिनला ती घरी हवी होती. याबाबत त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. ती गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज चालू झाला तरी तो मान वळवून बघायचा. कॉफी अजून दोघांची होत होती आणि दुसरा कप तो उभ्याउभ्या ओट्यापाशी पिऊन टाकायचा. पुनर्वसन केंद्र दोन गावं सोडून होतं. तिथे ती आणि इथे तो, हा विचारच त्याला नको वाटत होता.

"चादर लाव की तात्पुरती," गॉर्डीने सुचवलं.

"चादर?" व्हर्लिन म्हणाला. "खिडकीला चादर लावणाऱ्यांबद्दल आर्लिस काय बोलते ते तू ऐकलेलं नाहीस."

तेव्हा दोघांनाही एकदमच आठवलं की गॉर्डीच्या गॅरेजच्या खिडकीला गेली कित्येक वर्षं चादरच आहे. दोघे थोडा वेळ हवामानाबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिन मोठ्या गावातल्या पडद्यांच्या दुकानात गेला. तिथल्या बाईंनी हसून विचारलं, "काय दाखवू?"

"पडदा."

"कसा? गुंडाळायचा, घडीचा, जाळीचा, उभ्या पट्ट्यांचा?"

"पट्ट्यांचा नको," व्हर्लिन घाईघाईने म्हणाला.

मग बाईंनी विचारलं, दार कुठल्या बाजूला सरकतं? मूठ किती पुढे येते? पडदा दोन्हीकडे उघडायचा की एकाच कडेला जमा करायचा? दांडा चौकटीच्या बाहेर किती काढणार? नाही काढलात तर उघडलेला पडदा अर्धी काच अडवून बसेल. व्हर्लिन ज्या दारातून रोज आत-बाहेर करत होता ते कुठल्या बाजूला सरकतं, हे त्याला तिथे काही केल्या आठवेना. तो दुकानाच्या मधोमध उभा राहून हवेत दार सरकवून बघू लागला. उजवा हात आपोआप डावीकडे गेला. "डावीकडे," तो म्हणाला, आणि नशिबाने ते बरोबर निघालं.

रंगावर गाडी अडली. त्याने आर्लिसला फोन लावला. "ओटच्या लापशीसारखा एक रंग आहे. आणि एक निळं कापड आहे, त्यावर—"

"तुला बरं वाटेल ते घे," आर्लिस म्हणाली.

व्हर्लिनला घाम फुटला. याचा अर्थ उत्तर एकच होतं आणि ते त्याने ओळखायचं होतं. लापशीच्या रंगात धोका नव्हता. त्याच्या घरातला सोफा, गालिचा आणि बहुतेक शर्ट त्याच रंगाचे होते. तो लापशी घेऊन गल्ल्यापर्यंत गेलासुद्धा. पण निळ्या कापडावर लून पक्षी होते, पाण्यात बसलेले, काळे, पाठीवर पांढरे ठिपके. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या केबिनवर आर्लिस संध्याकाळी नुसती लूनची हाक ऐकायला धक्क्यावर बसायची आणि तो बोलला तर "श्श" म्हणायची. आता तिला तळ्यावर जाता येणार नव्हतं. व्हर्लिन मागे फिरला आणि निळं कापड घेऊन आला.

घरी येईपर्यंत त्याला एकच भीती होती, की आर्लिस ते बघून "वेगळं आहे हं" म्हणेल. नॉर्बीत एखादी गोष्ट वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. वेगळी आहे म्हणतात. मागे चर्चमध्ये एका पाहुण्याने चार मसाले घालून हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्यांचा भट्टीत भाजलेला पदार्थ, केली होती. सगळ्यांनी ती वेगळी आहे असं सांगितलं, आणि तो पाहुणा पुन्हा गावात दिसला नाही.

शनिवारी आर्लिसला आणायला दुपारी जायचं होतं. सकाळीच व्हर्लिनने शिडी मांडली. इतक्यात कोपऱ्यावरच्या घरात नव्यानेच राहायला आलेली टीना मार्केटी पुढच्या दारात येऊन उभी राहिली. ती न्यू जर्सीची. बोलणं तोफेसारखं.

"पडदा लावताय? मी येऊ? मला ड्रिल चालवता येतं."

"छे गं, तुला कशाला त्रास," व्हर्लिन म्हणाला.

"बरं!" असं म्हणून टीना निघून गेली.

व्हर्लिन बघतच राहिला. नॉर्बीत पहिल्या विचारण्याला नको म्हणायचं असतं, ते शिष्टाचार म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं, ते समोरचा मनापासून विचारतोय की नाही हे कळावं म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुला फार त्रास होणार नसेल तर" म्हणायचं आणि मग ड्रिल त्याच्या हातात द्यायचं. चांगली शिकलीसवरलेली बाई, आणि एका 'नको'वर निघून जाते म्हणजे काय?

मग त्याने एकट्यानेच भोकं पाडली. दाराच्या वर चौकटीचं जाड लाकूड होतं, तिथे मधला आकडा पक्का बसला. डावीकडचा आकडाही कसाबसा बसला. पण बाईंनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडचा चौकटीच्या बरंच बाहेर न्यायचा होता आणि तिथे नुसती पोकळ भिंत होती. स्क्रू आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. व्हर्लिन आनंदला. पोकळ भिंतीत स्क्रू इतक्या सुखाने गेला तर तितक्याच सुखाने बाहेर येतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

कड्या ओवून त्याने दांडा चढवला. थंडी अडवण्यासाठी पडद्याला जाड पांढरं अस्तर होतं, त्यामुळे वजन चांगलंच होतं. शेवटची कडी सारतो न सारतो तोच उजवा आकडा भिंतीचा मूठभर तुकडा घेऊन खाली आला आणि दांड्याचं ते टोक काचेच्या दिशेने निघालं. व्हर्लिनने ते वरच्यावर पकडलं. दांड्याला हिसका बसला, शिडी कलली आणि तिची एक बाजू आर्लिससाठी मांडलेल्या खाटेला टेकून राहिली. खाली घसरलेल्या पडद्यात त्याचा डावा पाय गुरफटला. आता एका हातात दांडा, दुसऱ्या हाताने चौकट धरलेली. दांडा सोडावा तर काच फुटणार, चौकट सोडावी तर तो स्वतः पडणार. आर्लिसचा खुबा नुकताच बदललाय, आता आपलाही बदलायचा की काय, असं त्याच्या मनात आलं. जावं तर पंचाईत, राहावं तर पंचाईत.

काचेपलीकडे, अंगणाच्या हद्दीवर, गॉर्डी झुडपं छाटत होता. त्याने मान वर केली, व्हर्लिनकडे बघितलं आणि हात हलवला. व्हर्लिनला हलवायला हात नव्हता. त्याने मान हलवली. गॉर्डी काचेपाशी आला.

"काय, पडदा लावतोयस?"

"हो, चाललंय आपलं."

"हात लावू का जरा?"

"नको नको, होत आलंय." त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता.

"खरंच? मला काही काम नाहीये."

"अरे नको, तू आपलं तुझं कर," व्हर्लिन म्हणाला आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघू लागला. त्याचं "बरं, तुला फार त्रास होणार नसेल तर" अगदी जिभेवर तयार होतं. गॉर्डीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याच्या घरातून बायकोची हाक आली. "आलोच," म्हणून तो वळला आणि गेला.

तो आला, पण बऱ्याच वेळाने. तोवर व्हर्लिनचा दांडा धरलेला हात लाकडासारखा झाला होता. गॉर्डी काचेपाशी येऊन म्हणाला, "अजून चाललंय वाटतं? हात लावू का?"

मधे खंड पडला की नॉर्बीत मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

"नको रे, होतंय," तो केविलवाणेपणाने म्हणाला.

तोपर्यंत गॉर्डीच्या मागे त्याची बायको आणि रस्त्यापलीकडची दोघं-तिघं येऊन उभी होती. कुणाच्या हातात कॉफीचा कप, कुणाच्या हातात कुत्र्याची साखळी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि परक्याच्या घरात न बोलावता शिरायचं नाही हा निश्चयही होता. "व्हर्लिन उंच दिसतोय आज," कुणीतरी म्हणालं. "हो, दांडा चांगला आहे," दुसऱ्याने दुजोरा दिला.

मग पुढचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला आणि टीना आत आली.

"तुम्ही सगळे बाहेर उभे राहून काय बघताय?" तिने काचेतून ओरडून विचारलं. मग ती व्हर्लिनकडे वळली. "आणि तुम्ही! मदत हवीय की नकोय? मी एकदाच विचारणार आहे."

"नको, म्हणजे तसं काही—" साठ-सत्तर वर्षांची सवय आपणहून बोलून गेली. दांडा बोटभर घसरला.

"एकदाच!" टीना म्हणाली.

"हवीय," व्हर्लिन म्हणाला. "खूप हवीय. बायकोला घरी आणायचंय मला." पहिल्याच विचारण्याला हो म्हणण्याची ही त्याच्या आयुष्यातली दुसरी वेळ होती. पहिली वेळ लग्नात, आणि तिथे पाद्रीबाबा तीनदा विचारत नाहीत म्हणून.

टीनाने दांडा धरला, शिडी सरळ केली आणि सरकतं दार बाहेरून उघडू नये म्हणून रुळात आडवी घातलेली काठी काढून दार उघडलं. "या आत सगळे!" हुकूम मिळाल्यावर नॉर्बीकर असे धावले की बघत राहावं. गॉर्डीने गॅरेजमधून पोकळ भिंतीत उघडणारे, छत्रीसारखे स्क्रू आणले. त्याच्या बायकोने गुरफटलेला पडदा सोडवला. कुणी भोकांत पुट्टी भरली, कुणी खाटेवरचा चुरा झाडला. एकजण काही न करता फक्त शिडी धरून उभा होता, पण इतक्या मनापासून की व्हर्लिनला त्याचाही गहिवर आला. ही सगळी माणसं आपल्या इतकी जवळ उभी होती, आणि मधे फक्त एक काच आणि आपलं 'नको' होतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

गॉर्डी दांडा सरळ आहे का ते बघायला बाहेर अंगणात गेला. तिथून त्याने डोळे बारीक केले. "सरळ आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पक्षी काही दिसत नाहीत एवढंच. पण ठीक आहे. तसं काही नाही."

नॉर्बीच्या मानाने ही म्हणजे ओरडून केलेली तक्रार होती. सगळ्यांनी मिळून पडदा उतरवला, फिरवला, कड्या पुन्हा ओवल्या. "आता कसं दिसतंय?" टीनाने विचारलं.

"बरं आहे की!" बाहेरून गॉर्डी म्हणाला. बाकीचेही बाहेर जाऊन बघून आले. बरं आहे, असं सर्वांचं मत पडलं. व्हर्लिननेही बाहेर जाऊन बघितलं. निळ्या पाण्यात लून असे बसले होते की त्याचे डोळे भरून आले. मग त्याने पडदा एका कडेला सारला, घड्याळ बघितलं आणि केसांतला चुना न झटकताच गाडीकडे पळाला.

आर्लिस वॉकरच्या आधाराने हळूहळू घरात आली. खाटेवर टेकली, उशी नीट केली, खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरच्या ओल्या पुट्टीच्या ठिगळाबद्दल ती काही बोलली नाही, यावरूनच ती किती दमली होती ते व्हर्लिनला कळलं.

"पडदा ओढ बघू," ती म्हणाली.

व्हर्लिनने ऐटीत पडदा ओढला. दारभर पांढरंशुभ्र अस्तर पसरलं. दवाखान्याच्या भिंतीसारखं, कोरं.

"तू गाडीत लून म्हणाला होतास," आर्लिस म्हणाली.

"आहेत ना," व्हर्लिन क्षीण आवाजात म्हणाला. "बाहेरून आहेत."

मग त्याने सगळं सांगितलं. टीना, शिडी, गॉर्डी, छत्रीचे स्क्रू, नुसती शिडी धरणारा माणूसही. नॉर्बीच्या सात पिढ्या दुसऱ्याच्या घराकडे बाहेरूनच बघत आल्या, त्यांना पडद्याची सुलट बाजू बाहेरचीच वाटणार. आर्लिस ऐकताना हसू दाबत होती, कारण हसलं की टाके दुखत होते.

"थांब, आत्ता फिरवतो," व्हर्लिन शिडीकडे निघाला.

"नको," आर्लिस म्हणाली.

"अगं, सोपं आहे. आता येतं मला."

"नको रे. ज्यांनी लावला त्यांना दिसू दे की पक्षी. इतकी वर्षं बिचारे आपल्या धुळकट पट्ट्या बघत होते." तिने त्याचा हात धरला आणि त्याच्या केसांतला चुना बोटाने काढला. "मला काय, मी घरी आहे."

व्हर्लिनने खातरजमा करायचीच म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, "खरंच नको फिरवू?"

"नको," आर्लिस म्हणाली.

तिसरा नकार. म्हणजे खरोखरच नको होतं. व्हर्लिन तिच्या खाटेच्या कडेला बसला आणि त्याला किती दिवसांत पहिल्यांदाच बसल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. व्हर्लिनने पडदा जरासा सारला. बाहेर गॉर्डी झाकलेली हॉटडिश घेऊन उभा होता.

"आत येत नाही," तो म्हणाला. "आर्लिसला आराम हवा. हे फक्त ठेवतो. आणि तू गडबडीत असशील, तर तुझ्या अंगणातलं गवत कापून देऊ का?"

"दे," व्हर्लिन म्हणाला.

गॉर्डीच्या तोंडात दुसऱ्यांदा विचारायचं वाक्य तयार होतं. ते त्याला तसंच गिळावं लागलं. त्याने एकदा व्हर्लिनकडे बघितलं, एकदा मागे वळून बघितलं, हॉटडिश दिली आणि इतका गोंधळून गेला की सरळ गॅरेजमध्ये जाऊन त्याने यंत्र बाहेर काढलं. पाच मिनिटांत अंगणात घरघर सुरू झाली.

"कोण आहे?" आर्लिसने विचारलं.

"गॉर्डी. गवत कापतोय."

"तीनदा विचारायला लावलंस ना त्याला?"

"नाही. पहिल्यालाच हो म्हटलं."

आर्लिस नवऱ्याकडे बघत राहिली. बाहेर यंत्र लूनच्या रांगेसमोरून इकडून तिकडे जात होतं.

"वेगळंच केलंस हं," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात सोडला नाही. नॉर्बीत हा शब्द कौतुकाने उच्चारला गेल्याची ही पहिलीच वेळ असावी.